केळुसकर सरांचा हात

शाळेत नाचाचा तास ठेवायचा की त्या जागी गणित घालायचं, हे मंगळवारी ठरणार होतं. नौपाड्यातल्या त्या शाळेत शिक्षण खात्याच्या कुवळेकरबाई येणार होत्या आणि नाच शिकवणाऱ्या योगिनी मॅडमची नोकरी बाईंच्या शेऱ्यावर लटकलेली होती. म्हणून मॅडमनी विज्ञानाच्या केळुसकर सरांना सोबत घेऊन सातवीचा एक पाठ बसवला होता. नाचातून बर्फ, पाणी आणि वाफ.

मुलं म्हणजे पाण्याचे रेणू. मॅडमचा उजवा हात म्हणजे तापमान. हात स्थिर असला की बर्फ, म्हणजे सगळ्यांनी खांदे धरून रांगेत उभं राहायचं. हात हलला की पाणी, खांदे सोडून एकमेकांभोवती गिरक्या. हात थरथरला की वाफ. मग वाट फुटेल तिकडे. सरांनी कोपऱ्यातून फक्त व्याख्या सांगायच्या होत्या. त्यांना तेही जास्त वाटत होतं. आजवर त्यांनी बहुतेक फळ्याकडे तोंड करूनच शिकवलं होतं.

मंगळवारी सकाळी डोंबिवलीहून मॅडमचा फोन आला. जिन्यात त्यांचा पाय मुरगळला होता.

"सर, फक्त हात करायचाय. नाचायचं नाहीये."

"अहो, माझ्याच्यानं नाही व्हायचं. पुढे ढकलू या का?"

"बाई परत कशाला येतायत? सर, प्लीज."

कुवळेकरबाई मागच्या बाकावर बसल्या. मुलं खांदे धरून उभी राहिली. सरांनी हात वर केला आणि तो काही त्यांचं ऐकेना. बर्फ धड दिसायच्या आतच वितळला. ते पाहून सर आणखी घाबरले, हात आणखी थरथरला आणि पाण्याची वाफ झाली. वर्गाचं दार उघडं होतं. मॅडम ते आधी लावून घेत असत. सरांना सांगायचं राहून गेलं होतं.

आर्यन गिरक्या घेत शिक्षकांच्या खोलीत शिरला. काही रेणू मुख्याध्यापकांच्या टेबलाभोवती फिरून आले. काही पाचवीच्या वर्गात घुसले, तशी पाचवीही तापली आणि बाहेर पडली. सगळे मैदानात उतरले आणि सर मागे धावत त्यांना परत बोलावत होते.

"सर, आधी तुमचा हात बघा ना," खांबाभोवती फिरणारी समृद्धी म्हणाली. "आम्ही थंड कसे होणार?"

सरांनी डाव्या हाताने उजवा घट्ट धरला. मग दोन्ही थरथरू लागले.

तेवढ्यात मुख्याध्यापक मैदानात आले. "केळुसकर, हे काय चाललंय?"

संपलं, सरांच्या मनात आलं. मॅडमचा तास गेला, आणि तो आपल्यामुळे. ते पायरीवर मटकन बसले. आता भिण्यासारखं काही उरलंच नव्हतं. हात गुडघ्यावर निपचित पडला.

वाफ निवली. मुलं परत आली, खांदे धरून उभी राहिली. मैदानात सातवी आणि पाचवीचा लांबलचक बर्फ झाला. आर्यनच्या पुढे मुख्याध्यापकच होते, म्हणून त्याने त्यांचेच खांदे धरले.

कुवळेकरबाई हसत पायरीपाशी आल्या. "वाफ मिळेल तेवढी जागा व्यापते, हे शाळाभर दाखवणारे तुम्हीच पहिले. नाचाचा तास राहणार, सर. आणि तो हात कुठे शिकलात?"

"शिकलो नाही हो. आपोआप होतं."

"पुढच्या महिन्यात कल्याणला जिल्ह्यातल्या शिक्षकांचं शिबिर आहे. मोठा हॉल आहे. स्टेजवर हे तुम्हीच करून दाखवायचं."

सरांनी गुडघ्यावरच्या हाताकडे पाहिलं. तो हलू लागला होता. आर्यनने मुख्याध्यापकांचे खांदे सोडले आणि हळूच एक गिरकी घेतली.