तरंगण्याची अट

पूरनियंत्रण कार्यालयाची जुनी पत्र्याची बोट दुरुस्त करण्याचे ठरले, तेव्हा तिच्या बाकांखाली भरायचा फोम निवडण्याची जबाबदारी कनिष्ठ अभियंता अनंत पिंपळापुरे यांच्यावर आली. भोक पडले तरी बोट बुडू नये, एवढेच त्या फोमचे काम. अनंतरावांना पोहता येत नव्हते. त्यामुळे त्यांनी ते मनावर घेतले.

त्यांनी थर्माकोल सुचवला. पेट्रोल सांडले की तो विरघळतो, अशी हरकत यंत्रशाखेने घेतली. गादीचा स्पंज पाणी पितो. मुंबईहून मागवलेला पिवळा कडक फोम भांडारातल्या उंदरांनी चाखून पाहिला. उरलेला अग्निशमनवाल्यांनी पेटवून दाखवला.

"पाण्यात कसा पेटेल?" अनंतरावांनी विचारले.

"प्रश्न पाण्याचा नाही, नियमाचा आहे."

अखेर मोठ्या साहेबांनी अटी एकत्र केल्या : माल विरघळू नये, पाणी पिऊ नये, उंदरांनी खाऊ नये, जळू नये. चारही अटींत बसणारा माल भांडारातच पडून होता. शहाबादी फरशीचे तुकडे.

"पण साहेब, फरशी बुडते!"

"तरंगण्याची अट कुठं आहे?"

"फोम म्हटलं की तरंगणं आलंच ना, साहेब."

"आलंच आहे, तर वेगळं कशाला लिहायला सांगून राहिले?" साहेब प्रेमाने म्हणाले. बढतीची यादी साहेबांच्याच टेबलावर होती. अनंतरावांनी सही केली.

तलावावरच्या चाचणीच्या दिवशी साहेबांना सर्दी झाली. त्यांच्या जागी अनंतराव हार घालून बोटीत बसले. काठ सुटताच बोट त्यांच्यासकट खाली गेली. अनंतरावांनी देवाचे नाव घेतले, मग बायकोचे.

"साहेब, काहून वरडून राहिले?" काठावरून नावाडी रामाजी म्हणाला. "उभे राहा ना! छातीभरच पाणी हाये."

बोट वर काढली. फरशीला ओरखडाही नव्हता. चाचणी यशस्वी ठरली, आणि अशा बोटी वस्तीवस्तीला देण्याचे जाहीर झाले.

संध्याकाळी नंदनवन वस्तीतल्या घरी अनंतराव पाय शेकत बसले होते. शेजारच्या यमुताई अर्ज घेऊन आल्या. गल्लीतल्या वकिलांनी, मास्तरांनी, रोज पेपर वाचणाऱ्या सगळ्यांनीच सह्या केल्या होत्या.

"पावसाळ्यात आपल्याकडे गुडघाभर पाणी साचते, भाऊजी. एक बोट पाहिजेच."

"यमुताई, ती बुडते. मी स्वतः बुडालो."

"बुडते तर बुडू द्या. पलीकडच्या लेआउटवाल्यांनी दुपारीच अर्ज दिला म्हणतात."

अनंतराव ताठ बसले. "त्यांनी दिला?"

त्यांनी पेन मागितला, अर्जातला 'एक' खोडून 'दोन' केला आणि खाली सही ठोकली.