पाहुणी चिंबोरी

कृतिकाची बादली उंबऱ्यावर नव्हती.

वरची खोली तापते म्हणून ती बादली तिने घरमालकीण ठमाबाईंच्या दाराशी, सावलीत झाकून ठेवली होती. पाण्यात हवा सोडायचा पंप आणायला गेली, आणि घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकने दोन तास खाल्ले. बादलीत होती एकच ठिपक्यांची चिंबोरी. परक्या समुद्रातली खेकड्याची जात, जहाजाच्या बुडाला बिलगून बाळकुमच्या खाडीत उतरलेली. तिच्यासाठी चंद्रपूरची ही पोर दोन वर्षं चिखलात उभी होती. तिच्या पीएचडीच्या सरांचा नुसत्या फोटोवर विश्वास नव्हता. ते उद्या दहाला स्वतः बघायला येणार होते.

"मावशी, माझी बादली?"

"ही घे गो बाय." घासून लख्ख केलेली बादली. आत डबा. डब्यात वाफाळतं कालवण.

उंबऱ्यावर झाकलेलं भांडं म्हणजे कुणाच्यातरी जाळ्यातला वाटा, आणि ते रिकामं परत गेलं तर घराची लाज जाते, हे ठमाबाईंच्या रक्तातच होतं.

"मावशी, ती खायची नव्हती हो! लांबच्या समुद्रातून आलेली पाहुणी होती!"

"अगो माजे बाय! पाहुनीला कापली मी?" ठमाबाईंचा हात कपाळाला गेला.

आतून ठमाबाईंचे यजमान राघोकाका बोटं चाटत आले. "तरीच! चव नाय काय नाय. आपले खाडीची नव्हंच ती."

"काका, पाठीचं कवच तरी?"

"ते मांजरीनं पळवलं."

कृतिका पायरीवर बसून रडू लागली. ठमाबाईंनी पदराने तिचे डोळे पुसले, मग स्वतःचे.

"एकीसाठी रडतेस?" राघोकाका गोंधळले. "दोन पावसाळे झाले, जाळ्यात ढिगानं येतात. बेचव, म्हनून परत सोडतो."

"मग मला सांगितलं का नाही?"

"तू इचारलंस कधी? तू चिखलाला इचारत होतीस."

सकाळी उंबऱ्यावर ठमाबाईंचं पातेलं होतं. आत अकरा चिंबोऱ्या, दोघींच्या पोटाशी अंड्यांचे पुंजके. दहाला आलेल्या सरांनी एकेक उलटून पाहिली. मग म्हणाले, "कृतिका, ह्या तर इथे संसार थाटून बसल्यात." तिला आनंदही झाला, आणि खाडीकडे बघून इथल्या मूळच्या चिंबोऱ्यांची काळजीही वाटली.

संध्याकाळी पातेलं परत करायचं होतं. रिकामं कसं देणार? तिने आयुष्यात पहिल्यांदा साबुदाण्याची खिचडी केली.

राघोकाकांनी घास घेतला. "चव ना—"

ठमाबाईंनी डोळे वटारले. "गप खावा. लांबून आलीय पोर."

आणि पातेलं घासायला घेता घेता, त्यात आता काय भरून द्यावं, याचा त्या विचार करू लागल्या.