देवरावजींची जपमाळ

विघ्नहर्त्या गजाननाला आणि जीवमात्रांत वसणाऱ्या ईश्वराला वंदन करून, आमच्या देवळामागील चिंचेच्या निमित्ताने, एका शेजाऱ्याविषयी चार शब्द लिहितो.

देवरावजी रोज दिवेलागणीला त्या चिंचेखाली पाटावर बसतात, दृष्टी वर लावतात आणि जपमाळ ओढू लागतात. एकदा दर्शनाला आलेल्या एका बाईंनी त्यांना सिद्धपुरुष समजून पायांवर डोके ठेवले व जप किती झाला, असे भक्तिभावाने विचारले.

"दोनशे चाळीस उडाले," देवरावजी वरच पाहत म्हणाले. "आता सरका वं बाई, तुमच्या मागून दोन गेले असन."

देवरावजी वटवाघळे मोजतात. एक मणी, एक वटवाघूळ. वीजकेंद्रात त्यांनी उभा जन्म तासातासाला यंत्रांवरचे आकडे लिहिण्यात घालवला. "जे दिसलं, तेच लिवाचं," हे तेव्हापासूनचे त्यांचे ब्रीद. एका महाविद्यालयातील प्राध्यापिका शहरातील वटवाघळांचा अभ्यास करतात, आणि मोहल्ल्यामोहल्ल्यांतील माणसे मोजणीचे कागद त्यांना धाडतात. आमच्याकडून प्रथम पुढे झाले ते देवरावजी आणि त्यांच्या पत्नी शांताबाई. पाठीला पाठ करून मांडलेले दोन पाट; इतवारीकडचे आकाश देवरावजींचे, कामठीकडचे शांताबाईंचे. दोन वर्षांपूर्वी शांताबाई निवर्तल्या. तेव्हापासून कागदावरचा कामठीचा रकाना कोराच जात असे.

अशात देवस्थानच्या आम्ही पंचांनी सभामंडपासाठी ती चिंच तोडण्याचे योजिले. वटवाघळांनी वेळोवेळी डागाळलेली माझी उपरणी हे माझे प्रमाण होते. देवरावजी एकेका पंचाच्या दारी गेले. परसातला उंबर कोणी लावला, असे मला विचारून, उत्तराची वाट न पाहता, "वटवाघळानं. झाडावून झाडावर बी नेते थे. तुम्ही तर फक्त सावलीत बसता, महाराज," असे सुनावून परतले. चिंच राखावी असे पत्र पंचांना द्यायला प्राध्यापिकाबाई सिद्ध होत्या. मात्र पंचांच्या सोमवारच्या बैठकीआधी दोन्ही बाजूंची पूर्ण मोजणी हवी, असे त्यांचे म्हणणे पडले.

मदतीला माणसे आली, पण टिकली नाहीत. निवृत्त मुख्याध्यापक बोलतात म्हणून उठवले गेले. औषधांचे दुकानदार मोबाइल पाहतात म्हणून. रविवार उजाडला तरी रकाना कोराच. सायंकाळी मी जरा त्रासूनच म्हटले, "देवरावजी, आज तुम्हीच कामठीकडे तोंड करून बसा. इतवारीकडे मी पाहतो."

त्यांच्या हातातली माळ थांबली. ते म्हणाले, "त्या बाजूले मी पायतच नाही, महाराज. पाट रिकामा दिसते."

मी उपरणे सावरले आणि त्या रिकाम्या पाटावर कामठीकडे तोंड करून बसलो. देवरावजींनी क्षणभर मला न्याहाळले, मग खिशातून दुसरी, लहान मण्यांची तुळशीची माळ काढून माझ्या हाती दिली. ती कोणाची, हे सांगावे लागले नाही.

आकाश रिते झाल्यावर त्यांनी विचारले, "किती?"

"तीन माळा आणि वर अकरा. म्हणजे तीनशे अकरा."

त्यांची लेखणी अडली. "माळीत मणी किती हायेत जी?"

"एकशे आठ. पण जपात माळेचे शंभरच धरतात. वरचे आठ आपल्या चुकांपोटी सोडायचे असतात."

"देव घेत असन चालवून. पण मी माहे चोवीस वटवाघूळ काहून सोडू?" असे म्हणून त्यांनी तीनशे पस्तीस लिहिले. मग लेखणी तशीच धरून हळूच हसले. "पहिल्या दिवशी शांतानं बी असेच सोडले होते. चोवीसच."

आणि दोन वर्षांत प्रथमच त्यांनी मान वळवून कामठीकडे पाहिले. त्याच वेळी चिंचेतून मागे राहिलेले एक वटवाघूळ निघाले आणि संथपणे त्या दिशेला गेले.

"दिसलं?" त्यांनी विचारले.

"दिसले."

"मंग लिवा," ते म्हणाले, आणि लेखणी माझ्यापुढे केली.

दुसऱ्या दिवशी तो कागद पंचांपुढे मीच वाचला, आणि मंडप देवळाच्या दुसऱ्या अंगाला हलवण्यासाठी पहिला हात माझा वर झाला. चिंच आहे. उपरण्यांना डागही पडतात.

वाचकहो, आपल्या घरी दिवेलागणीला कोणताही पाट रिकामा न राहो, अंगणातली झाडे पाखरांनी नांदती राहोत, आणि आपणा सर्वांना ईश्वर दीर्घायुरारोग्य देवो.