काय अडलं, काय पार गेलं?

इनास लोपीस सरांना कुठल्याही दोन गोष्टींच्या मधे तिसरी गोष्ट धरून बघायची खोड होती. स्टाफरूममधला ट्रान्झिस्टर लागला, की ते त्याच्यापुढे डब्याचं झाकण धरत. मी केसांत मोगरा माळून आले, की नाकासमोर वर्तमानपत्र धरून हुंगत. आणि मग अगदी गंभीरपणे विचारत, "बाई, काय अडलं? काय पार गेलं?"

अडतंय काय कपाळ! पण सर फिजिक्सचे, मी केमिस्ट्रीची आणि वसईतल्या आमच्या नव्या कॉलेजात प्रयोगशाळा एकच. उत्तर देण्यावाचून सुटका नव्हती.

माणसांनाही ते हाच नियम लावत. प्रिन्सिपॉल म्हणजे अल्फा किरण. "आवाज मोठा, पण रजेचा अर्ज पुढे केला की गार. एका कागदात अडतात!" मी बीटा. "कागदाला भीक घालत नाही, पण ॲल्युमिनियमचा डबा दिसला की बाई जागच्या जागी." मग गॅमा कोण, जी शिशातूनही थोडीफार पार होते, असं मी एकदा विचारलं. सरांनी खिडकीबाहेर पाहिलं आणि चहा मागवला.

सत्तरचं दशक संपत आलं होतं आणि आमच्याकडे सायन्सचं शेवटचं वर्ष नव्हतं. गास-आगाशीच्या पोरी दोन वर्षं उत्तम शिकायच्या आणि मग घरी बसायच्या. मुंबईला कोण पाठवणार? विद्यापीठाच्या समितीनं प्रयोगशाळा पसंत केली तरच पुढचा वर्ग मिळणार होता. म्हणून सरांनी एक नवा प्रयोग रचायला घेतला. किरणांचे तिन्ही प्रकार मुलींनी स्वतःच्या हातांनी ओळखायचे. किरण शिरला की टक् करणारा जुना गायगर काउंटर मिळाला होता. पण किरण सोडणारा पदार्थ आणायचा कुठून? त्याची सरकारी परवानगी काही येईना.

"बत्तीचं मेंटल!" सर एके दिवशी ओरडले. पेट्रोमॅक्समध्ये वातीच्या जागी बांधतात त्या जाळीत थोरियम असतं. झालं, काउंटर पिशवीत घालून स्वारी आगाशीच्या बाजारात! माझी वरात मागोमाग. दुकानातल्या एकेका मेंटलला काउंटरची नळी लावून सर कान देत. "हे मुकं. हे पुटपुटतं. हां, हे बोलतं! हे द्या." दुकानदारानं मला हळूच विचारलं, "सरांची तब्येत बरी आहे ना?"

शिसं मिळालं एका कोळणीकडून. "मास्तर, ही शिसा जाल्याला लावायची, पान्यात सोरायची. कालेजात कशाला?" असं म्हणत तिनं ओंजळभर गोळ्या दिल्या. सरांनी त्या ठोकून ठोकून पत्रा केला. कागद म्हणून चर्चच्या सणाची जुनी पत्रिका आली आणि झाकण अर्थातच माझ्या डब्याचं. तेव्हापासून मी डबा केळीच्या पानानं झाकून आणत होते. संध्याकाळी कॉलेज सुटल्यावरही प्रयोगशाळेतून टकटक ऐकू यायची. चालली असेल तालीम, असं म्हणून मी घर गाठायची.

समिती आली त्या दिवशी सर ऑक्टोबरच्या उकाड्यात लग्नातला काळा कोट घालून हजर. प्रयोग झकास सुरू झाला. मेंटलवर पत्रिका ठेवली, टकटक कमी झाली. झाकण ठेवलं, आणखी कमी. शिसं ठेवलं, अगदी तुरळक. शेवटी समोर काहीच नसतानाही होणारी तुरळक टकटक दाखवायला फिलोमिना नावाच्या विद्यार्थिनीनं मेंटल लांब नेऊन ठेवलं. सर टेबलाशी आले आणि काउंटर पुन्हा वाजायला लागला. सर फळ्याकडे गेले, थंडावला. परत आले, वाजला!

"यंत्र बिघडलंय," म्हणत समितीचे अध्यक्ष फाईल मिटायला लागले.

"सर, तुम्हीच वाजताय!" फिलोमिना म्हणाली.

सगळे हसले. सर हसले नाहीत. त्यांनी आतल्या खिशातून एक बायकी मनगटी घड्याळ काढलं. आकड्यांवर रेडियम होतं, काटे मात्र बंद.

"मिसेसचं," सर म्हणाले. त्या जाऊन बरीच वर्षं झाली होती. मी त्यांना पाहिलंही नव्हतं. "लग्नात दिलं होतं मी. पहिल्याच रात्री विचारलं तिनं, अंधारात हे का चमकतं? शिकली असती तर माझ्या पुढे गेली असती. पण मुंबईला कोण पाठवणार? आज तिनं इथं असायला हवं होतं, म्हणून आणलं."

अध्यक्षांनी फाईल पुन्हा उघडली. "आता हे घड्याळ घेऊन करून दाखव," ते फिलोमिनाला म्हणाले. तिनं पत्रिका ठेवली, काही फरक नाही. "अल्फा काचेतच अडली!" झाकण ठेवलं, टकटक कमी झाली. शिसं ठेवलं, तरी थोडी उरलीच. "ही गॅमा, सर!" पोरीनं न चुकता सांगितलं. अध्यक्षांनी तिथल्या तिथे सही ठोकली.

चहासाठी सगळे खाली गेले. सर दिसेनात, म्हणून मी बोलवायला वर आले. प्रयोगशाळेतून रोजची ती टकटक येत होती. सर कोट काढून बसले होते, नळीसमोर ते बंद घड्याळ ठेवून, डोळे मिटून ऐकत. मला रडू आलं. पत्रिका, झाकण, शिसं सगळं बाजूला पडलं होतं. सरांनी मधे काहीच धरलं नव्हतं.