वहीतलं माप

स्वयंपाकघर नवं करायचं ठरलं, तेव्हा मास्तरांनी सगळ्यात आधी एकच गोष्ट पक्की केली. डिझायनरबाईला बोलवायचं नाही. ती नुसतं बघून जायचेही पैसे घेते असं त्यांच्या कानावर आलं होतं, आणि बघायचं काम आपण फुकटात करू शकतो असा त्यांचा समज होता. (समजच तो.)

मास्तर म्हणजे टेलर मास्तर. तीस वर्षं एकाच गाळ्यात, एकाच मशीनवर. स्वभाव मुळातच रडका. कुणी म्हणालं, "मास्तर, कोट झकास बसलाय," की यांना वाटायचं, गेलं हे गिऱ्हाईक दुसरीकडे, जाता जाता गोड बोलतंय.

त्यांची बायको मात्र कमी बोलणारी. ऐन तारुण्यात ती मास्तरांपेक्षा दोन बोटं उंच होती, आणि त्यावर दोन्हीकडच्या नातेवाइकांनी पोटभर बोलून घेतलं होतं. घरातला जुना ओटा आधीच्या मालकाच्या बुटक्या आईसाठी बांधलेला. त्याच्यावर सव्वीस वर्षं वाकून वाकून बाईंची कंबर कामातून गेली होती. सकाळी अंथरुणातून उठताना त्या आधी भिंतीला हात लावायच्या, मग देवाचं नाव घ्यायच्या.

बहिणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं म्हणून त्या पंधरा दिवस तिच्याकडे राहायला निघाल्या. जाताना दारात थांबून म्हणाल्या, "ओटा तेवढा माझ्या उंचीचा करा. बाकी भिंतींना काळा रंग दिलात तरी माझं काही म्हणणं नाही."

मास्तरांनी हे फारच मनावर घेतलं. मासिकातल्या फोटोत स्टायलिश स्वयंपाकघरं राखाडीच दिसत होती, आणि दुकानदाराकडे राखाडी टाइल्स पडून होत्या, कारण त्या कुणीच नेत नव्हतं. स्टाइल आणि बजेट एकाच खोक्यात मिळाल्यावर मास्तर जवळजवळ हसले. टाइल्स लागल्या, वर त्याच रंगाचा सनमायका आला, आणि भरदुपारी आत गेलं तरी पाऊस येईलसं वाटू लागलं.

ओट्याची वेळ आली तेव्हा सुतार म्हणाला, "वहिनी येऊ देत. उभं करून माप घेऊ."

"माप माझ्याकडे आहे," मास्तर म्हणाले.

दुकानात त्यांचा नियमच होता. गिऱ्हाइकाचं माप एकदा वहीत चढलं की पुन्हा टेप काढायची नाही. लोक फोनवरून शर्ट सांगायचे आणि मास्तर वही बघून शिवायचे. एखाद्याचं पोट शर्टात मावलं नाही तर मास्तर शांतपणे सांगायचे, "कापड आटलं." पोट सुटलेल्या माणसालाही हे ऐकायला बरं वाटायचं, त्यामुळे तक्रार कधी पुढे गेली नाही.

तर मास्तरांनी सगळ्यात जुनी वही काढली. लग्नाच्या वर्षी बायकोला गाऊन शिवला होता, त्याचं माप: खांद्यापासून जमिनीपर्यंत, खांद्यापासून कोपरापर्यंत. वजाबाकी करून त्यांनी कोपराची उंची काढली, तिच्यावरून ओट्याची, आणि सवयीनं त्यात दीड इंच मिळवले.

"हे कशाला?" सुताराने विचारलं.

"धुतल्यावर आटतं."

"मास्तर, हा दगड आहे."

"असू दे. जास्तीचं कधी वाया जात नाही."

सुताराने आकडा भिंतीवर लिहून घेतला. मजुरी ठरलेली होती, अक्कल वेगळी द्यायचं ठरलं नव्हतं.

पंधराव्या दिवशी बाई परत आल्या. पिशवी ठेवली, आत गेल्या आणि नव्या ओट्यासमोर उभ्या राहिल्या. ओटा त्यांच्या छातीला लागत होता. विळी बाद झाल्याने मास्तरांनी नवी सुरी आणली होती, ती घेऊन बाईंनी कांदा चिरून पाहिला. कोपरं पार खांद्याशी गेली. अर्धा कांदा झाल्यावर सुरी खाली ठेवून त्यांनी खांदा चोळला.

"अहो, हा कुणासाठी केलाय?"

"तुझ्यासाठी. अगदी तुझ्या मापाचा."

"माझं माप कधी घेतलंत?"

मास्तरांनी वही आणून दाखवली. बाईंनी पान बघितलं, वरची तारीख बघितली आणि वही मिटून परत दिली.

"ही बाई राहिली नाही आता," त्या म्हणाल्या. "टेप आणा. माझं घ्या."

मास्तरांनी टेप लावली. तीन इंच कमी. टेपच ताणलेली असणार म्हणून दुसरी आणली, तिनेही तीनच सांगितले. बाईंची पाठ वर मानेजवळ वाकली होती, एक खांदा उतरला होता. दुकानात येणाऱ्या परक्या माणसाचा उतरलेला खांदा मास्तरांना रस्त्याच्या पलीकडून दिसायचा. इथे बायको रोज त्यांच्या डोळ्यांदेखत इंचाइंचाने वाकत गेली, आणि ते त्याच ओट्यावरचं गरम गरम जेवत बसले. त्यांना स्वतःची फार लाज वाटली. 'कापड आटलं' म्हणायची इथे सोय नव्हती.

"चुकलं माझं," ते म्हणाले. बाई हो म्हणाल्या.

ओटा उतरवायचा तर सगळंच उखडावं लागणार होतं आणि बजेट टाइल्सनी खाल्लं होतं. शेवटी सुतारालाच बोलावलं. तो ओट्याकडे बघून म्हणाला, "हा काही खाली येत नाही. वहिनींना वर घेऊ." उरलेल्या फळ्यांतून त्याने ओट्याच्या लांबीचा एक बुटका चौथरा ठोकला. या वेळी बाईंना चपलेशिवाय उभं करून, कोपर धरून, तीनदा माप घेतलं. मास्तरांना बाहेर बसवलं होतं.

बाई चौथऱ्यावर चढल्या. हात ओट्यावर टेकवले, पाठ सरळ केली, आणि कितीतरी वर्षांनी न वाकता एक अख्खा कांदा चिरला. मास्तर शेजारी येऊन उभे राहिले. बायको त्यांच्यापेक्षा पुन्हा उंच झाली होती. त्यांचे डोळे भरून आले. (कांदाही होताच.)

"बघ," ते खालून म्हणाले, "आता कशी पहिल्यासारखी दिसतेस."

बाईंनी मान खाली करून त्यांच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मास्तर थोडे लाजले.

"अहो, तुमच्या डोक्यावर मधोमध एवढं टक्कल कधी पडलं?"

"दहा वर्षं झाली."

"दहा?" बाई पुन्हा कांद्याकडे वळल्या. "तरीच. मी म्हणत होते, डोक्याच्या तेलाची बाटली इतकी पुरते कशी."