मास्तरांचा भरीव हत्ती

मास्तरांनी आयुष्यभर भूमिती शिकवली, पण मातीला सरळ रेषा ठाऊक नसते हे त्यांना एकसष्टाव्या वर्षी कळलं. निवृत्त झाल्यावर ते घरात सगळ्यांच्या मागे मागे फिरून "दिवा बंद करा, नळ बंद करा" करायला लागले, तेव्हा सुनेनं हात टेकले आणि त्यांचं नाव कुंभारकामाच्या क्लासात घातलं. "बाबा, दर बुधवारी चार ते सहा. तिथे मनसोक्त चिखल करा."

पहिल्या दिवशी मास्तर तोंड वाकडं करून गेले. दुसऱ्या बुधवारी साडेतीनलाच हजर! त्यांच्या शेजारच्या चाकावर टेलरताई बसायच्या आणि पलीकडच्या चाकावर सलूनवाले. दोघंही मास्तरांच्या वाकड्या वाट्यांना खो खो हसायचे, आणि गंमत म्हणजे मास्तरांना ते आवडायचं. शाळेत त्यांना तोंडावर हसायची कुणाची छाती नव्हती, आणि बायको गेल्यापासून घरातही त्यांची थट्टा करणारं कुणी उरलं नव्हतं.

तिसऱ्या महिन्यात मास्तरांनी नातीच्या वाढदिवसासाठी हत्ती केला. विटेसारखा भरीव. शिकवणाऱ्या मॅडम त्यांच्या एखाद्या विद्यार्थिनीच्या वयाच्या. त्या म्हणाल्या, "मास्तर, हे आतून पोकळ करा हं."

"करतो," मास्तर म्हणाले, आणि केला नाही. जाड माती आत ओली राहते आणि भट्टीत फुटते, हे पहिल्याच धड्यात सांगितलं होतं. पण स्वतःच्या हत्तीचं पोट कोरायला त्यांचा हात धजेना. बरं, मॅडमनी तो वाळायला फळीवर ठेवला होता, तर वाढदिवस पुढच्या गुरुवारी! सगळे हात धुवायला गेलेले बघून मास्तरांनी हत्ती गुपचूप भरलेल्या भट्टीत, सगळ्यांच्या भांड्यांच्या मधोमध सरकवला. पोरांना "सूचना नीट वाचा" म्हणून दटावणाऱ्या माणसानं हे करावं? लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! इथे तर पाषाण कोरडाही नव्हता.

पुढच्या बुधवारी भट्टी उघडली आणि आत नुसता चुरा. टेलरताईंची फुलदाणी गेली, सलूनवाल्यांचे सहाच्या सहा कप गेले. ढिगावर सोंड तेवढी धडधाकट पडली होती. मास्तरांनी ती पटकन खिशात घातली.

फळ्यावर मॅडमचा नियम होता: ज्याच्या चुकीनं भट्टीत नुकसान होईल, त्याचा क्लास बंद. बुधवारच गेला, तर उरलेले सहा दिवस कशाच्या जोरावर काढायचे?

"कुणाचं काम हे?" मॅडमनी विचारलं.

मास्तर खिशातली सोंड मुठीत धरून फळ्यावरचा नियम पुन्हा वाचायला लागले.

"माझं," टेलरताई म्हणाल्या. "फुलदाणीचं बूड ओलं राहिलं असणार."

"काहीतरीच काय!" सलूनवाले पुढे सरसावले. "कपांचे कान मी घाईत चिकटवले. आत हवा राहिली असेल."

"अहो, मी म्हणतेय ना माझं!"

"तुम्ही गप्प बसा हो!"

टेलरताईंनी सरळ एप्रनची गाठ सोडायला घेतली. ते मात्र मास्तरांना बघवेना.

"थांबा!" ते असे ओरडले की मॅडमसुद्धा शाळेतल्यासारख्या सावधानमध्ये उभ्या राहिल्या. "माझा हत्ती फुटला. भरीव होता, ओला होता आणि मीच तो चोरून आत ठेवला." त्यांनी खिशातली सोंड टेबलावर ठेवली. "तुम्ही कुणी जाऊ नका. मीच जातो. मला इथे फार बरं वाटायचं, एवढंच."

मॅडमनी ओलं फडकं घेतलं आणि फळ्यावरचा नियम पुसून टाकला. "बसा, मास्तर. तुम्ही गेलात की ही दोघं मागोमाग जाणार. मग मी काय भट्टीला शिकवू?"

"आम्हाला माहीतच होतं," टेलरताई म्हणाल्या. "तुम्ही खिशात काय घातलंत ते बघितलं आम्ही."

"मग तुम्ही स्वतःवर का घेतलंत?"

"माझ्या घरी माणसं आहेत हो बोलायला. तुम्ही साडेतीनला येऊन पायरीवर बसता, ते दिसतं मला."

मास्तरांचे डोळे भरून आले. ते चष्मा पुसायला लागले. तेवढ्यात सलूनवाल्यांनी टेबलावरचा तुकडा उचलून उलटसुलट करून बघितला.

"पण मास्तर, हत्ती कुठला? ही किटलीची तोटी आहे ना?"

"सोंड आहे ती!"

"आणि मागे दांडी होती ती?"

"शेपूट!"

मॅडम मटकन स्टुलावर बसल्या. "अरे देवा! चहा मावणार कुठे म्हणून मी पोकळ करा सांगत होते!"

क्लास वाचल्याचा आनंद राहिला बाजूला. मास्तरांनी तावातावानं मातीचा गोळा ओढला. "पुन्हा करतो! या खेपेला पाठीवर माहूतच बसवतो. मग बघू कोण किटली म्हणतंय!"

"बसवा की," सलूनवाले म्हणाले, "झाकण उचलायला बरं पडेल."