दिघोरी ते गोसीखुर्द, आडवं पडून

सायकलनं गोसीखुर्द गाठणं म्हणजे आपल्या डाव्या पायाचा खेळ, असं मी दिघोरीच्या चौकात छाती ठोकून सांगितलं! माझी सायकल आजवर किराणा दुकानापलीकडे गेली नव्हती, ही गोष्ट वेगळी.

गोसीखुर्दजवळ माझी मोठी बहीण राहते, देवकाबाई. तिचं जुनं गाव धरणात गेलं, मागच्या वर्षी भाऊजीही गेले. तेव्हापासून ती उंबरठ्याबाहेर पडली नव्हती. म्हटलं, घामाघूम होऊन तिच्या दारात उभं राहावं. निदान हसेल तरी!

सराव सुरू केला आणि लवकरच बदकासारखा फेंगडा चालू लागलो. बसणं तर अशक्यच! म्हणून नागपूरहून सायकलवाल्यांची गादी शिवलेली चड्डी मागवली. बायकोनं, राखीनं, ती धुऊन अंगणात वाळत घातली. तिथंच घात झाला!

शेजारच्या सुंदरबाईनं ती गादी पाहिली.

“काहून वं राखी, मनिषभाऊचं आपरेशन झालं का?”

राखी लाजली. “नाही वं काकू. पण बसाले लय तरास होते त्याइले.”

झालं! संध्याकाळी पानठेलेवाले भैय्याजी नारळपाणी घेऊन हजर.

“कसं वाटून राहिलं बाबू?”

“तयारी झाली भैय्याजी. उद्या सकाळी निघतो!”

“असं अभद्र नोको बोलू रे!” म्हणत त्यांनी दुपट्ट्यात तोंड खुपसलं.

मग अंगण भरलं. कोणी मोठ्यानं बोलेना. मी “बरा आहो” म्हटलं की सगळे माना खाली घालत. शेवटी मीच माझं कपाळ चाचपून पाहिलं!

सकाळी हेल्मेट घालून सायकल काढतो, तर दारात जीप! सुंदरबाईनं फोन केला होता. देवकाबाई उतरली.

“मलेच नाही सांगतलं? तुह्ये भाऊजी गेले तवा बी मले सगळ्यात आखरीत सांगतलं!”

“बाई, मी तुह्याकडंच येऊन राहिलो होतो, सायकलनं...”

“अशा हालतीत?” तिनं मला मिठी मारून हंबरडा फोडला.

भैय्याजींनी आणि जीपवाल्या कुलदीपनं मला उचललं आणि मागच्या सीटवर आडवं केलं. राखी ओरडत होती, “चड्डी आहे ते, सायकलची चड्डी!” सुंदरबाई तिची पाठ थोपटत होती, “रडू नोको पोरी.”

जीप बाईच्या घराकडं निघाली. पवनी मागं पडली. माझं डोकं बाईच्या मांडीवर. ती डोळे पुसून खिडकीबाहेर पाहू लागली.

“अवंदा धान बरा दिसून राहिला रे,” ती म्हणाली. वर्षभरात तिनं बाहेरचं काही पाहिलंच नव्हतं. मग माझ्या केसांतून हात फिरवत विचारलं, “कुठं दुखून राहिलं?”

मी ठणठणीत आहे हे सांगायला तोंड उघडलं. आणि हळूच कण्हलो!